कोपऱ्यातल्या बाकावरचा पावणा

१७ नोव्हेंबर १९७५, सोमवार

‘सकाळी सातला आण्णांच्या बाकावर बसणाऱ्या बंधूंनो! आपल्याला तिखट खायची मुभा आहे, तिखट बोलायची नाही. हा अपमान माझ्या एकट्याचा नाही, इथं बसलेल्या प्रत्येकाचा आहे!’

असं भाषण आज केलं. मनातल्या मनात. तोंडात पावाचा घास होता.

आण्णांनी भिंतीवर पाटी लावलीय — ‘राजकारणावर बोलू नये.’ तांबड्या रंगात, ठळक. शाहूपुरीतलं सगळ्यात गर्दीचं मिसळीचं हॉटेल. इथं वीस वर्षं रोज सकाळी सरकारं पाडली आम्ही, आणि मग हात धुतले. आज नुसते चमचे वाजत होते.

आण्णांना विचारलं. "सर, तुमचं भाषण झालं की टाळ्या पडत्यात. माझ्या हॉटेलात झालं की कुलूप पडंल."

आणीबाणीला पाच महिने होत आले. अंबादासला जुलैत पोलिसांनी नेलं. बिंदू चौकात एकाच व्यासपीठावर बोलायचो आम्ही. मी जास्त जोरात बोलायचो. त्याला नेलं, मला नाही. का? कुणी तोंडावर विचारत नाही. पण मला ऐकू येतं.

१८ नोव्हेंबर

मला न्यायला आले तर हाताशी असावी म्हणून विमलानं पिशवी भरून खुंटीला लावलीय. दोन सदरे, दोन पायजमे, दंतमंजन, जुना चष्मा. "असू दे आपली," एवढंच म्हणाली. मी पिशवी पाहिलीच नाही असं दाखवलं.

शाळेत सेक्रेटरींनी बोलावून सांगितलं — वर्गात इतिहास शिकवा, पुस्तकात आहे तेवढाच. मी ‘हो’ म्हणालो. मी!

२० नोव्हेंबर

हॉटेलात एक नवा माणूस येतो. पस्तिशीचा असेल. कोपऱ्यातल्या बाकावर, भिंतीला पाठ, तोंड दाराकडं. पेपर उघडतो, पण पान उलटत नाही.

पिराजीनं दाखवला. पिराजीचं गॅरेज पलीकडच्या गल्लीत. रोज माझ्या शेजारी बसून तीन माणसांची मिसळ खातो. कानाशी येऊन (म्हणजे चार बाकांना ऐकू जाईल असं) म्हणाला, "सर, त्यो पावणा बगा. चार दिस बगतोय. एकदा बी कट मागितला न्हाय."

मी पाहत राहिलो. वाढपी आकाराम कटाचं, म्हणजे तिखट रश्शाचं, भांडं घेऊन बाकाबाकावरून फिरतो. न मागता ओततो, आपण ‘अजून’ म्हणायचं. वर तांबडा तवंग आला की आणखी ‘अजून’. त्याचे पैसे पडत नाहीत आणि त्याला लाजत कुणी नाही. या माणसानं बशीवर हात आडवा धरला.

"कट नगं असलेला माणूस हितं येतोच कशाला?" पिराजी म्हणाला. "खायाला न्हाय. ऐकायला."

मी बशी सरकवली आणि उठलो.

२१ नोव्हेंबर

पिराजीनं त्याला सरळच विचारलं. "काय पावणं, कट सोसत न्हाय व्हय?"

"पोट बरं नाही," तो म्हणाला.

"पोट बरं न्हाय म्हणून मिसळ! माझा मेव्हणा असाच. ताप आला की पोहायला जातो." सगळं हॉटेल हसलं. तोही हसला, पण दाराकडं बघत.

औषधांचा विक्रेता आहे म्हणे. बॅग कुठाय? औषधवाला आणि पोट बरं नाही!

२२ नोव्हेंबर

हात धुताना तो माझ्या शेजारी आला. हळूच म्हणाला, "सर, बिंदू चौकातलं तुमचं भाषण ऐकलंय मी. फेब्रुवारीतलं. शेवट अजून पाठ आहे."

या माणसाला माझं नाव कुणी सांगितलं? फेब्रुवारीच कसा आठवतो? भाषण पाठ कोण करतं — ज्याला ते लिहून वर पाठवायचं असतं तो!

मी म्हणालो, "मी हल्ली बोलत नाही." आणि ओल्या हातानं बाहेर पडलो. चप्पल दुसऱ्याची घातली होती. शाळेत गेल्यावर कळलं.

ही वही आता ज्वारीच्या डब्यात ठेवतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर दारावरच्या आवाजाकडं कान. दूधवाला आला तरी उठून उभा राहिलो. विमला म्हणाली, "उद्या नाष्टा घरी करा. पोहे करते." मी ओरडलो तिच्यावर. त्या माणसाला भिऊन मी माझी जागा सोडू?

जगातल्या सगळ्या जुलमांची पुस्तकं माझ्या कपाटात आहेत. भ्यायलेल्या माणसांची मी व्यासपीठावरून टिंगल केलीय. आता कळतं, भीती पोटात कुठं बसते ते. बेंबीच्या वर, डावीकडं.

२४ नोव्हेंबर

बोललो!

हॉटेल गच्च भरलेलं. तो कोपऱ्यात. पिराजी म्हणाला, "सर, तुमी बी घाबरला व्हय? मग आमी कुनाकडं बगायचं?" एवढंच निमित्त. मी उभा राहिलो.

"बंधूंनो! आण्णांच्या पाटीचा मान राखून मी राजकारणावर बोलणार नाही. मी मिसळीवर बोलणार आहे." हशा. आण्णांनी कपाळाला हात लावला. "आपल्या गावात पहिला कट वाढपी देतो, दुसरा आपण मागतो, आणि तिसरा मागेल तो आपला माणूस. पण कुणी असाही येतो, ज्याची बशी कोरडी राहते आणि कान भरतात! त्याला हाकलू नका. आपण पाहुण्याला हाकलत नाही. फक्त त्याच्या बाकावर बसू नका. बाहेर ताटकळत उभे राहा, पण त्या बाकाला कोल्हापूरच्या माणसाचं धोतर लागता कामा नये!"

बाकं बडवली लोकांनी. त्याच्या शेजारचे तिघं बशा उचलून उठले. एक म्हातारा अर्धी मिसळ टाकून गेला.

तो मान खाली घालून खात राहिला. घाई केली नाही.

पाच महिन्यांनी स्वतःचा आवाज ऐकला. काय सांगू! शाळेपर्यंत जवळजवळ पळत गेलो. खोटं कशाला लिहू — त्या क्षणी तो हेर आहे की नाही, याच्याशी मला काही घेणं नव्हतं. मला बोलायला मिळालं होतं.

२५ नोव्हेंबर

बहिष्कार कडक. बाहेर रस्त्यापर्यंत वीस माणसं उभी, आत चौघांच्या बाकावर तो एकटा. रस्त्यानं जाणारेही वाकून बघतात. "आत काय झालंय वो?" बाहेरचे हसत हसत बोटानं दाखवतात.

आण्णा चिडलेत. "सर, बाक तुमी अडवला. गिऱ्हाईक माझं उभं हाय."

तरी तो आला. याचंच आश्चर्य वाटतं.

२६ नोव्हेंबर

आजही आला. आजही एकटा.

आकारामनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या आपटला. तो ‘थँक्यू’ म्हणाला.

२८ नोव्हेंबर

आज तो उठला, पैसे दिले आणि माझ्या बाकाशी थांबला.

"सर," म्हणाला, "आवाज अजून तसाच आहे हं तुमचा."

आणि गेला.

ही धमकी. दुसरं काय? पिराजी म्हणतो, "जाऊ द्या की सर, हरला त्यो." पण त्याचा चेहरा हरलेल्याचा नव्हता. रागाचाही नव्हता. कसला होता ते मला लिहिता येत नाही, आणि तेच डोक्यातून जात नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

काल आला नाही. आजही नाही. लोकांनी माझी पाठ थोपटली. कोपऱ्यातल्या बाकावर पुन्हा चौघं.

माझं मात्र चित्त थाऱ्यावर नाही. गेला कुठं? वर कळवायला गेला. दुसरं काय काम त्याला? विमलाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तो माणूस तुम्हाला एकदा तरी वाईट बोलला का हो?"

नाही.

१ डिसेंबर

काही घडलं नाही. हेच जास्त वाईट.

३ डिसेंबर

दुपारी शाळेत पोलीस शिपाई चिठ्ठी घेऊन आला. उद्या सकाळी दहाला पोलीस ठाण्यात हजर राहावं. साहेबांची सही.

तर आलं! खरं सांगायचं तर क्षणभर हलकं वाटलं. आता कुणी विचारणार नाही, ‘तुम्हाला का नाही नेलं?’ विमलानं पिशवी खुंटीवरून काढली, त्यात लसणाच्या चटणीची पुडी घातली. रडली नाही. मी तिला म्हणालो, ताठ मानेनं जाईन. ती म्हणाली, "जेवून जा."

तिथं काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय. मुद्दे सात.

४ डिसेंबर

अटक नाही. चहा दिला मला. बशीसकट.

साहेब म्हणाले, "सर, आभार मानायला बोलावलं. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांचा पुढारी, सयाजी. जूनपासून गुंगारा देत होता. तुमच्या त्या गर्दीत आम्हाला जन्मात दिसला नसता. पण खच्चून भरलेल्या हॉटेलात एका बाकावर एकटाच माणूस! आमचा हवालदार रस्त्यानं जाताना थबकलाच. शुक्रवारी बाहेर पडला, पुढच्या गल्लीत धरला." त्याच्या घरी अजून कळवलेलं नाही, असंही म्हणाले. घरी आई एकटी. तानाबाई. मागाच्या शेडमागं राहते.

सातांपैकी एकही मुद्दा बोललो नाही. चहा संपवला.

ऊठ. उद्याची पहिली इचलकरंजीची एस.टी. धर. तानाबाईचं घर विचार. उंबऱ्याबाहेर उभा राहा आणि भाषण न करता सांग — बाई, तुमचा मुलगा मी पकडून दिला.