कोटाची पाठ

नागपूर,
३ जानेवारी १९६५

तीर्थरूप रामसिंगभाऊ यांस,
धाकट्या खेमसिंगचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, कॉल आला! सीताबर्डीवरच्या ज्या रेडिओच्या दुकानात मी अर्ज टाकला होता, त्यांनी वीस तारखेला मुलाखतीला बोलावले आहे. गावोगाव फिरून ट्रान्झिस्टर दाखवणारा आणि विकणारा माणूस त्यांना हवा आहे. भाऊ, तुम्ही ही वस्तू पाहायला हवी. तार नाही, वीज नाही, पानाच्या डब्याएवढी पेटी, आणि आतून थेट सिलोनची गाणी! इथली पोरे ती खांद्याला अडकवून अशी मिरवतात की विचारू नका.

आनंदाने लिहायला बसलो खरा, पण धास्ती काही जात नाही. मागच्या खेपेला कापडाच्या दुकानातल्या मॅनेजरने मला बुटांपासून वर पाहायला सुरुवात केली आणि गुडघ्यापर्यंत येईतो त्याचे मत होऊन गेले होते. या वेळी तसे व्हायला नको. दिवाळीत यवतमाळच्या शिंप्याकडे कोटाचे माप दिले होते, तो राखी सर्जाचा कोट तेवढा आणावा आणि आपल्या उत्तमसिंगच्या हाती पाठवावा. तो सतरा तारखेला एस.टी.ने नागपूरला येणार आहे. टाय मी इथे घेतला. त्याची गाठ बांधायला सिनेमाच्या पोस्टरसमोर उभा राहून शिकलो, लोक हसत होते. जमल्यास तुमचे मनगटी घड्याळही द्यावे.

एक सांगतो, रागावू नका. खोलीवरच्या मित्रांना मी फक्त यवतमाळचा राठोड म्हणून माहीत आहे. आपल्या बंजारा तांड्याचे नाव मी इथे काढलेले नाही, याडीलाही इथे ‘आई’ म्हणतो. आणि बापूला दिलेला शब्द तुम्हाला ठाऊकच आहे: होळीपर्यंत नोकरी लागली नाही तर मुकाट्याने परत येऊन शेतात उतरायचे. ही शेवटची संधी आहे, भाऊ. रात्री झोप लागत नाही.

याडीला आणि वहिनींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ कोट आल्यावर आणखी वाढेल, तोवर आहे तेवढा पुरवून वापरावा.

आपला आज्ञाधारक,
खेमसिंग


दारव्हा,
१३ जानेवारी १९६५

चिरंजीव खेमसिंग यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. मजकूर वाचून बरे वाटले आणि केसांच्या फुग्याबद्दल तू काहीच लिहिले नाहीस म्हणून आश्चर्यही वाटले. तो अजून उभा आहे की थंडीने बसला?

कोट आणला. शिंप्याने काम चोख केले आहे. आमच्या शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांनी तो हात लावून पाहिला आणि माझ्या या धोतराकडे पाहून एकही शब्द काढला नाही, यातच सगळे आले. रविवारी तो तांड्यावर घेऊन गेलो. नवे वस्त्र तांड्याच्या देवळात सेवालाल महाराजांपुढे ठेवल्याशिवाय अंगावर घालायचे नाही, हे तुला नागपूरची हवा लागली तरी आठवत असेल. याडीने तो मांडीवर घेऊन बराच वेळ उलटासुलटा पाहिला. पाठ पुन्हा पुन्हा चाचपली आणि विचारले की एवढंच काय, काम झालं काय याचं? मी पेपर तपासत होतो, झालं म्हणालो. मग म्हणाली, तीन-चार दिवस माझ्यापाशी राहू दे, पूजा करून मीच बांधून देते. तिची हौस मोडवेना. उत्तमसिंग तिच्याच हातून गाठोडे घेईल.

घड्याळ कोटाच्या आतल्या खिशात ठेवायला सांगितले आहे. रोज सकाळी किल्ली दे, पण पिळू नकोस. ते सासऱ्यांनी दिले आहे, बिघडले तर तुझी वहिनी माझे तास मोजील.

घाबरू नको असे लिहिणार होतो, पण खरे सांगायचे तर घाबरलो मीही आहे. बापूने तुझ्या वाट्याच्या शेताच्या धुऱ्यावरची बाभळी परवा तोडून ठेवली. तू परत येणार असे धरूनच चालला आहे तो. उद्या संक्रांत, तिळगूळ गाठोड्यात असेल. गोड बोलण्याचा सराव साहेबांसमोर कामी येईल. आमचा जीव तुझ्यात अडकलेला आहे, एवढे ध्यानात असू दे.

तुझा,
रामसिंग


नागपूर,
१८ जानेवारी १९६५

ती. रामसिंगभाऊ यांस,
खेमसिंगचा नमस्कार.

भाऊ, हे काय केले तुम्ही लोकांनी!

काल गाठोडे सोडले. समोरून कोट पाहिला, मन भरून आले. उलटा केला आणि मी खाटेवर बसलोच. दोन खांद्यांच्या मध्ये, वीतभर लांबीरुंदीत, लाल-पिवळ्या धाग्यांचे भरतकाम! त्यात आरसे, कडेने कवड्या. याडीच्या अंगातल्या काचळीवर असते तसे, तसूभरही कमी नाही. वर उत्तमसिंग हसत हसत निरोप देतो की याडी म्हणे, शिंप्यानं पोराची पाठ उघडीच ठेवली, फसवलं, कायले त्याले शहाणा म्हणता. राहिलेलं काम मी करून देल्लं.

राहिलेलं काम! खोलीवरचे मित्र हसून लोळले. एकाने विचारले, नाचायला जातोस काय रे? एक टाका ब्लेडने काढून पाहिला. तिचा टाका तुम्हाला माहीतच आहे, धागा निघत नाही, कापडच फाटू लागते. मित्राचा कोट घालून पाहिला तर त्याची बाही माझ्या कोपरापर्यंतच येते. परवा सकाळी मुलाखत आहे. तुम्ही शिकले-सवरलेले, तुम्ही एकदा गाठोडे उघडून पाहायचे नाही? आणि याडीला हे कुणी करायला सांगितले होते? तिच्या या एका हौसेपायी माझे सगळे आयुष्य मातीत जाणार, असे तिला स्पष्ट सांगा.

आता एकच मार्ग उरला. आत जाताना दाराकडे पाठ, बसल्यावर खुर्चीला पाठ, आणि निघताना देवळातून निघतात तसे मागे मागे सरकत बाहेर यायचे. काल दुपारभर तोच सराव केला. दोनदा खाटेवर आपटलो.

लोभाचे काय लिहू? सध्या मला तो पेलवत नाही.

खेमसिंग


मु. तांडा, ता. दारव्हा,
२३ जानेवारी १९६५

खेमसिंगभावजी यांसी,
वहिनी चंदाबाईचा राम राम, वि. वि.

मी चौथीपर्यंत शिकली, म्हणून अक्षर हसू नका. हे पत्र यांना न सांगता लिहून राह्यली. हे रागात नाहीत, लाजेत आहेत. कालपासून दौत घेऊन बसतात अन् उठून जातात.

तुमचं पत्र काल दारव्ह्याले आलं, हे ते घेऊन संध्याकाळी तांड्यावर आले. तुम्हाले आपल्या घरची रीत ठाऊक आहे. पत्र आलं की अंगणात सगळे बसतात अन् हे मोठ्यानं वाचतात. अगोदर मनात वाचून पाहायची सवय यांना नाही. वाचत वाचत आयुष्य मातीत गेलं इथवर आले, मंग थांबले. पण याडीनं ऐकलं होतं. तिनं एवढंच विचारलं की मुलाखत होऊन गेली काय? हे म्हणाले, हो, परवाच. ती उठून आत गेली.

तवापासून तिनं धड खाल्लं नाही. सुईचा डबा शेजारच्या पोरीले देऊन टाकला. म्हणे, माझ्या हातानं पोराचं वाटोळं झालं, आता हा हात कायले पाहिजे. बापूनंही समजावलं, पण ऐकत नाही. आज सकाळपासून रस्त्याकडे पाहत बसली आहे, पोस्टमन दिसला तवा तोंड फिरवलं.

मी काल रात्री तिच्याजवळ बसली अन् विचारलं की कोटाच्या पाठीवरच काहून केलं, समोर काहून नाही? तवा तिनं सांगितलं. तिच्या आजोबाच्या वेळी बैलांवर माल लादून तांडे चालायचे. सगळ्यात पुढच्या बैलाच्या झुलीवर आरसे अन् कवड्या लावत. धूळ अशी उडे की मागच्याले काही दिसत नसे, पण पुढचा आरसा चमकला की वाट समजे. याडी म्हणाली, आपल्यातून इतक्या दूर पुढं गेलेला माझा खेमा पयलाच. त्याची पाठ कोरी कशी ठेवू?

भावजी, नोकरी लागली नसली तरी चालते, तुम्ही घरी या, कोणी बोल लावणार नाही. पण याडीच्या नावानं दोन ओळी लवकर टाका. मले लय भेव वाटते. तुमच्या मायेवर भरवसा ठेवून थांबते.

तुमची वहिनी,
चंदाबाई


नागपूर,
२७ जानेवारी १९६५

ती. भाऊ आणि सौ. वहिनी यांस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र अंगणातच वाचा, मोठ्याने वाचा, आणि याडीला अगदी जवळ बसवून वाचा.

वहिनींचे पत्र आत्ता हातात पडले. मुलाखतीचा निकालही आजच कळला. तो आधी लिहायचा म्हणून कागद घेतला होता, पण आधी हे लिहितो: याडी, मी जे लिहिले ते भीतीने लिहिले. माझी जीभ झडली असती तर बरे झाले असते. तू जेव.

आता हकिकत. ठरल्याप्रमाणे दाराकडे पाठ करून आत शिरलो. समोर दुकानाचे म्हातारे शेठजी आणि कंपनीचे तरुण साहेब बसले होते. साहेबांनी माझ्या बुटांवरून नजर वर आणली, ती टायवर थांबली, आणि त्यांनी मान डोलावली. मनात म्हटले, जिंकली! ट्रान्झिस्टर हातात दिला, मी स्टेशन लावून दाखवले, बॅटरीबद्दल बोललो. सगळे सुरळीत चालले होते. पण साहेब मधूनच छताकडे पाहू लागले. मग शेठजीही. मीही वर पाहिले. माझ्या मागे खिडकी होती आणि खुर्चीची पाठ ठेंगणी. सकाळचे ऊन याडीच्या आरशांवर पडून साऱ्या छतभर उजेडाचे ठिपके नाचत होते. मी भीतीने जितका थरथरत होतो, तितके ते नाचत होते.

शेठजींनी उभे राहून वळायला सांगितले. वळलो. साहेब हसले. शेठजींनी विचारले की हे काय आहे? कोट नाटक मंडळीतल्या मित्राचा आहे, असे उत्तर मी आदल्या दिवशीच पाठ करून ठेवले होते. ते ओठांवर आले होते, भाऊ. पण त्या ठिपक्यांकडे पाहताना मला तिच्या काचळीवरचे आरसे दिसले, लहानपणी मी मांडीवर बसून ज्यांत तोंड पाहत असे ते. आणि मी सांगून टाकले की हे माझ्या आईने केले आहे, मी तांड्यावरचा आहे, आणि आमच्याकडे कोऱ्या पाठीने मुलाला घराबाहेर पाठवत नाहीत. नागपुरात तांडा हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला. मग मागे मागे न सरकता, सरळ पाठ दाखवून बाहेर आलो. खोलीवर येऊन रडलो. सगळे संपले असे समजून हे सात दिवस कसे काढले ते मला माहीत. तुम्हाला लिहायचा धीर झाला नाही.

आज शेठजींचा माणूस आला. तीन महिने अजमावून पाहणार आहेत. दारव्हा, दिग्रस, पुसद हा बाजारांचा पट्टा माझ्याकडे दिला आहे. शेठजींनी कळवले आहे की त्या भागातल्या तांड्यांवर तिथल्याच भाषेत बोलणारा माणूस त्यांना आजवर मिळाला नव्हता. दुकानात मात्र साधा कोट घालायचा, असे बजावले आहे. साहेब अजून नाखूश आहेत म्हणे. म्हणजे धाकधूक काही संपली नाही, तीन महिन्यांनी काय होईल देव जाणे. पण होळीला मी नांगराला नाही, तुमच्या भेटीला येईन. बापूला सांगा, बाभळी तोडली ते बरेच केले, होळीला जळण झाले.

दारव्ह्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तांड्यावर येतो आहे, अंगात तोच कोट आणि खांद्याला ट्रान्झिस्टर. तुमचे घड्याळ शाबूत आहे. पाकिटात कागदात गुंडाळून एक आरसा पाठवला आहे. ब्लेडने जो टाका मी कापला होता, त्यातून तो निखळला. इथल्या दोन शिंप्यांना दाखवला, दोघांनी हात टेकले. तेव्हा शेजारच्या पोरीकडून सुईचा डबा परत मागून आणावा, याडीला म्हणावे काम राहिले आहे.

आणि सकाळी मी बाजाराला निघेन तेव्हा तिने अंगणात उभे राहावे. मी मागे वळून पाहणार नाही. ती माझ्या पाठीकडे पाहत असेल, तिला मी वळणापर्यंत दिसायला हवा.

तुमच्या सगळ्यांच्या लोभात, मान ताठ ठेवून,
तांड्याचा,
खेमसिंग