पांढऱ्या फुल्यांची हद्द

रविवार संध्याकाळ, हाउन्सलो

आईला घेऊन हॉलंडहून दुपारी परतलो, पण डोळ्यांपुढे अजून पेव्हमेंटवरच्या त्या पांढऱ्या फुल्याच. तिथल्या बार्ले गावात बेल्जियमची हद्द या फुल्यांनी आखलेली, थेट घराघरांतून जाते. शेकडो वर्षांपूर्वी सरदारांनी शेतं वाटून घेतली, ती वाटणी तशीच राहिली. पुढचं दार ज्या देशात, ते घर त्या देशाचं. मी हे सगळं आईला रंगवून सांगत होतो. तिचं लक्ष कुठे होतं? ती फुल्या ओलांडून पलीकडे जायची, परत यायची. मग हळूच म्हणाली, "आणि कुणी हटकत नाही?"

तिचं माहेर गावकुसाबाहेरचं. मला आधी कसं सुचलं नाही?

आत्ता किचनमध्ये ती टाइल्सची रेघ ओलांडतेय, सावकाश, इकडून तिकडे. चहा उतू जातोय, तरी हाक मारवत नाही.