पहिल्या खुर्चीवरचा पाहुणा

खेड, १९७४

नूरचाचांना सलाम,

मला सरकारी स्कॉलरशिप मिळाली तेव्हा भोसरीत तुमच्या वर्कशॉपसमोर मांडव पडला. तुम्ही मला हार घातलात. जमातीच्या मदतफंडाच्या सेक्रेटरींना पहिल्या खुर्चीवर बसवून माइकवर म्हणालात, "आता पोरीला सरकार शिकवणार."

पुण्यातल्या माझ्या हॉस्टेलचा खर्च तो फंड करत होता. दुसरी स्कॉलरशिप मिळाली की फंडाची मदत बंद होते, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही तर कमिटीतच आहात. सरकारी पैसे वर्ष संपताना येतात आणि त्यात फक्त फी भागते, हेही तुम्हाला ठाऊक होतं. आधी हॉस्टेल सुटलं, मग कॉलेज. माझ्या जागी फंडाने बरकतला घेतलं. तुमच्या मुलाला.

अब्बांनी सत्काराचा फोटो सायकलच्या दुकानात लावलाय. गिऱ्हाइकांना दाखवून म्हणतात, "भाऊ असावा तर असा." म्हणून हे पत्र मी पेटीत टाकणार नाही.

फोटो पुसायचं काम माझ्याकडे आहे. त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, चाचा. तुम्ही तेवढे सेक्रेटरींकडे.

तुमच्या हातचा हार घातलेली,
हसीना