रावसाहेबांच्या पाण्यातलं औषध

ती. वन्संना नमस्कार.

लेकीच्या पायाचं प्लास्टर निघालं का? निघालं असेल तर तिला जपून चालायला सांगा, आणि नसेल निघालं तर तुम्ही स्वतःला जपा, कारण आजारी माणसापेक्षा त्याची उस्तवार करणाऱ्याचीच कंबर आधी जाते (स्वानुभव आहे. तुमच्या भावाला सर्दी होते आणि आडवी मी पडते). आम्ही दोघं बरे आहोत. तुमचे रावसाहेबही खुशाल आहेत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. थोडा लागेलच.

जाताना तुम्ही टाकीसकट तो सोनेरी मासा आमच्या स्वाधीन केलात, तेव्हा मी मनात म्हटलं होतं, एवढासा जीव तो काय काम वाढवणार? महिनाअखेरीला तुम्ही न्यायला येणार, तोवर चिमूटभर खाणं टाकायचं आणि पाणी बदलायचं. तुमच्या सांगण्याप्रमाणे नळाचं पाणी बादलीत रात्रभर उघडं ठेवलं आणि सकाळी टाकीतलं जुनं उपसून ते भरलं. (जुनं पाणी मी कुंड्यांसाठी दुसऱ्या बादलीत राखून ठेवलं. माझ्या या चिकटपणाला घरात फार नावं ठेवतात. पुढे वाचा.) चहा घेऊन येते तर रावसाहेब पाण्याच्या वरच, तोंड उघडतायत, मिटतायत, कल्ले लालभडक आणि डोळे माझ्याकडे. माझं तर धाबंच दणाणलं. मी अशी किंचाळले की हे गालावरचा दाढीचा फेस न पुसताच धावत आले, स्वयंपाकघरातला मोठा डाव उचलला आणि रावसाहेबांना अलगद कुंड्यांच्या बादलीत सोडलं. तिथे बऱ्याच वेळाने त्यांची धाप कमी झाली. माझ्या चिकटपणाबद्दल त्यानंतर कुणी ब्र काढलेला नाही.

आता तुमच्या भावाचं ऐका. ज्या माणसाने उभी नोकरी पाणीपुरवठा खात्यात काढली, गावाच्या पाण्यात क्लोरीन सोडलं, त्याच्या घरच्या नळाने पाहुणा मारायला काढला. निवृत्त झाल्यापासून ते एरवी मोजकंच बोलतात, त्या सकाळी नुसते बादलीभोवती घिरट्या घालत होते. मग एकदम कपाळावर हात मारला. त्यांच्याच देखरेखीखाली इथल्या पाण्यात क्लोरीनला अमोनियाची जोड दिली गेली होती, म्हणजे ते लांबच्या नळापर्यंत टिकावं. तुमच्याकडचं नुसतं क्लोरीन बादलीतून रात्रीत उडून जातं, आमच्याकडचं ठाण मांडून बसतं. याच कामाबद्दल त्यांचा सत्कार झाला होता. (तो फोटो नेमका टाकीच्या वरच टांगलाय.)

मग आम्ही माशांच्या दुकानात गेलो, पाण्यातलं औषध उतरवणारं औषध आणायला. मला वाटलं एक बाटली असेल, घेऊ आणि येऊ. वन्सं, तिथे भिंतभर बाटल्या! कुणी क्लोरीन घालवते, कुणी पाइपातले धातू धरून ठेवते, एकीत तर कोरफड होती, माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जपायला. मी तोंडात बोट घालून बघतच राहिले. (माझ्या अंगाला आजवर कुणी कोरफड लावलेली नाही.) दुकानवाल्या बाई सहज म्हणाल्या, “काका, नळाचं पाणी म्हणजे विषच हो.” झालं! यांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की या गावातली पोरं नळाला तोंड लावून पाणी पितात आणि ठणठणीत राहतात ती कुणामुळे, यावर अख्ख्या दुकानाला भाषण ऐकावं लागलं. मग प्रत्येक बाटली उजेडात धरून त्यांचा एकच प्रश्न, क्लोरीन गेल्यावर मागे राहिलेल्या अमोनियाचं काय? मोठ्या स्वस्त बाटलीकडे उत्तर नव्हतं. कोरफडवालीही गप्प. (भांडणाऱ्या जोडप्यातल्या एकालाच घराबाहेर काढण्यातला प्रकार.) शेवटी खालच्या फळीवरची एक बिनचित्राची बाटली निघाली, जी दोघांचाही बंदोबस्त करते. बाईंनी ती पुसून दिली आणि म्हणाल्या, “काका, रोज येत जा.”

खरं सांगायचंय ते यापुढचं. घरी आल्यावर यांनी कपाटातून तपासणीची काचेची नळी काढली, नळाचं पाणी भरलं, त्यात एक गोळी टाकली, क्लोरीन असलं की रंग देणारी. पाणी गुलाबी झालं, अगदी बाळाच्या तळव्यासारखं. म्हणाले, “हा रंग दिसला की मी घरी यायचो.” वन्सं, मी या माणसाबरोबर सगळा संसार केला, याच पाण्यात पोरांना न्हाऊ घातलं, आणि तो रंग मी पहिल्यांदा पाहिला! घोटाघोटात होता, दिसत नव्हता इतकंच. मला भरून आलं. मग त्यांनी बाटलीतला एक थेंब त्यात सोडला आणि रंग गेला. डोळ्यांदेखत गेला. मला वाटलं, आता यांना वाईट वाटणार. तर हे लहान पोरासारखे हसले आणि म्हणाले, “बघितलंस? माणसाला तो रंग लागतो, याला तो नसावा लागतो. पाणी तेच.” आम्ही दोघंही त्या नळीकडे देवाकडे बघावं तसे बघत बसलो. टाकीतल्या पाण्यात औषध घालून, कोपर बुडवून पाहून रावसाहेबांना सोडलं, तेव्हा मी श्वास रोखून होते. त्यांनी एक फेरी मारली, शेपटी पसरली आणि खायला मागितलं.

लेकीला आशीर्वाद. कळावे,
तुमची वहिनी

ता. क. : यांची आता रोज सकाळी नळी, गोळी आणि गुलाबी रंग अशी हजेरी चालते. वर ते मला सगळं समजावूनही सांगतात. निवृत्तीनंतर घरात एवढा आवाज पहिल्यांदाच होतोय. म्हणून विचारते, रावसाहेबांना इथेच राहू द्याल का? तुमच्या भावासाठी हो. माझं काय, तुम्ही नेलंत तर मला एक काम कमीच होईल.

ता. क. : ताई, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून दोन ओळी. हिचं मनावर घेऊ नकोस, मासा तुझा आहे, खुशाल ने. दुपारी मी झोपलोय असं समजून ही टाकीजवळ खुर्ची ओढते आणि त्याला माझ्या तक्रारी सांगते, हे मात्र तुझ्या कानावर असू दे. मासा न्यायला येशील तो दिवस आधी कळव. त्या दिवशी मला बाहेर काम आहे.