चतुर्थीची भाकर

भोर, दि. २२ जुलै १९६९

पासलीच्या समस्त मंडळींस, दादू मास्तरचा सा. न. वि. वि.

जग पुढं निघून जातं आणि आपल्याला ते आठ दिवसांनी मिठाच्या पुडीच्या कागदावर वाचायला मिळतं, ही तुमची-माझी जुनी तक्रार. या खेपेला मी ती चालू देणार नाही. माझा थोरला भाऊ नाना हे पत्र देवळात मोठ्यानं वाचील. घटकाभर भाताची लावणी थांबवा, डोक्यावरची इरली भिंतीला टेकवा आणि ऐका.

काल सोमवारी सकाळी, आपल्याकडे साडेआठच्या सुमाराला, माणूस चंद्रावर उतरून चालला. एस्टी डेपोसमोरच्या हॉटेलातल्या रेडिओवर मी स्वतः बातमी ऐकली. कपबशा वाजायच्या थांबल्या होत्या.

बारा वर्षांपूर्वी रशियानं पहिला उपग्रह सोडला, तेव्हा आपण खळ्यावर आडवे पडून सरकता तारा शोधत होतो. चिमाजीनं समोरच्या डोंगरावरून उतरणारा कुणाचा तरी कंदील तोच म्हणून दाखवला होता. त्यानंतर एक कुत्री गेली, ती परतली नाही. मग सुताराचा मुलगा जाऊन आला. मग गिरणीत राबलेली एक बाई. राजेरजवाडे नव्हेत, तुमच्या-आमच्यासारख्या घरांतली माणसं गेली. आणि आपण? चंद्र म्हणजे दगड आणि धूळ. तो उगवायची वाट बघत यापुढं पासलीत कुणी उपाशी राहू नये.

लोभ आहेच, तो पावसात भिजू देऊ नका.

आपला,
दादू


पासली, दि. ५ ऑगस्ट १९६९

चि. दादूस, नानाचे अ. उ. आ.

पत्र सहाव्या दिवशी पोचलं. देवळात वाचलं. भाषण तू भोरात बसून केलंस, घसा मात्र माझा बसला. कोंडिबानं विचारलं की तिथं पाणी न्हाई, चिखल न्हाई, मग लावलं काय? झेंडा लावला म्हटल्यावर म्हणाला, लई उगवंल. चिमाजी अजून म्हणतो की तो कंदील नव्हता.

आता घरचं. तुझं पत्र ऐकून सगळ्यांत आधी मान डोलावली ती आईनं. परवाच्या शुक्रवारी संकष्टी होती. एकवीस वर्षांत पहिल्यांदा ती त्या दिवशी दुपारी जेवली. दादू नको म्हणतो ना, एवढंच बोलली. अर्धी भाकर ताटात राहिली. रात्री ओट्यावर गेली नाही, भिंतीकडं तोंड करून निजली. तेव्हापासून एक घास खाते, दुसरा ठेवते. अंगानं उतरली आहे.

तुझ्या वहिनीनं खोदखोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. तू बारा वर्षांचा असताना भोरच्या बोर्डिंगात निघालास. आई वेल्ह्यापर्यंत सोडायला आली, तर तू पदर सोडीनास. तेव्हा तिनं तुला सांगितलं की चतुर्थीला चंद्र उगवला की म्या हितं जेवाय बसंन, तू तिथं बस, म्हंजी एकाच पंगतीला बसल्यागत. तो उपास गणपतीचा कमी आणि तुझा जास्त होता. पावसाळ्यात ढगांपायी चंद्र दिसायचा नाही, तर पंचांगातली वेळ विचारून बसायची. आपण सगळे समजत होतो, म्हातारी लई देवाची. काल म्हणाली, दगडाची वाट कशापायी बघू, दादू बी थांबत नसंल.

तुला शहाणपण शिकवावं एवढा मी शिकलो नाही. दोन वर्षं तू घरी आला नाहीस, इतकंच लिहितो. भाषणाच्या गावाला तुला गाडी मिळते, पासलीची वाट तेवढी सापडत नाही. रागावलास तरी लोभ सोडू नको.

तुझा,
नाना


भोर, दि. १४ ऑगस्ट १९६९

ती. गं. भा. आईस, दादूचा शि. सा. न.

नाना, हे देवळात वाचू नकोस. चुलीपाशी बसून, हळू वाच.

आई, मी विसरलो होतो. बोर्डिंगात पोरं दिवेलागणीला जेवायची. चतुर्थीला मी माझ्या भाकरी पंच्यात बांधून मागच्या विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसायचो. स्वयंपाकी दटावायचा की तुझ्यापायी उंदरांचं फावतं. चंद्र वर आला की पहिला घास घ्यायचो आणि तूही आत्ता घेतलास असं पक्कं ठाऊक असायचं. हे कधी सुटलं ते आठवत नाही. बहुतेक पहिलं भाषण केलं त्या रात्री. टाळ्या पडल्या आणि मी लोकांत जेवलो.

चंद्र दगड आहे, ते मी मागं घेणार नाही. पण एक गोष्ट गावाला सांगायची राहिली. त्या सफरीत तिसरा माणूस होता. दोघं खाली चालले, तो वर एकटाच घिरट्या घालत राहिला. चंद्राच्या मागं गेला की त्याला घरचा आवाज पोचायचा नाही. पण दर फेरीला तो पुन्हा पुढं यायचा. मला यायला उशीर झाला.

श्रावणातली संकष्टी ३० तारखेला, शनिवारी आहे. शाळा सुटली की एस्टी धरतो, वेल्ह्याहून पुढं चालत येईन. उपास मुळीच करू नकोस, दुपारी पोटभर जेव. रात्री ढग असले तर असू देत, पंचांगातल्या वेळेला आपण दोघं ओट्यावर बसू.

तेवढी रात्रीची भाकर माझ्याआधी खाऊ नकोस. दोघांची झाकून ठेव.

तुझा,
दादू