फटीची वही

सर, आपली कपार पुन्हा उघडली आहे. जाताना आपण वाळू आणि पोती टाकून झाकलेल्या खड्ड्याची नुसती कड पंधरा दिवसांपूर्वी मोकळी केली, तेव्हा तुम्ही बांधलेली सुतळी चारही खुंट्यांना तशीच निघाली, फक्त काळी पडलेली. या गोष्टीला बारा वर्षं झाली आणि तुम्हाला जाऊन अकरा. मी आता अहमदपूरला बसस्थानकासमोर झेरॉक्सच्या दुकानात बसतो आणि लोकांचे अर्ज टाइप करून देतो. बारावी काही निघाली नाही. हे कळवायला पत्र लिहीत नाही, पण जे लिहायचं आहे ते एकदम लिहिता येत नाही, म्हणून क्रमाने घेतो. तुम्हीही आम्हाला तेच सांगायचात, वरचा थर आधी, खालचा नंतर, मधे उडी मारायची नाही.

पहिला दिवस मला स्वच्छ दिसतो. जळकोटच्या बाजूचा तो उघडा डोंगर, त्याच्या कमरेला काळ्या खडकाची कपार, पुढे आलेलं छत, आणि खाली छातीइतका मातीचा भराव. तुम्ही चाळणीतून नखाएवढा पांढुरका तुकडा उचलून माझ्या हातावर ठेवता. मी म्हणतो, "सर, ही तर गारगोटी हाय. नदीला ढिगानं पडल्यात." तुम्ही खिशातून सुतळी काढता, ताणून धरता आणि मला तो तुकडा तिच्यावरून ओढायला लावता. सुतळी कापली जाते. मग तुम्ही सांगता की हे पातं आहे, माणसाने घडवलेलं, लोखंड तांबं काही माहीत नसलेल्या माणसाने. अशी पाती लाकडात ओळीने बसवून तो कापायचा, सोलायचा, शिकार करायचा. हजारो वर्षांपूर्वी तो पावसात इथे येऊन बसायचा, आणि आपण त्याच्या घरात उभे आहोत. त्या दिवशी मी चपला बाहेर काढून आत गेलो होतो. तुम्ही पाहिलंत आणि हसला नाहीत.

माझं अक्षर चांगलं म्हणून तुम्ही मला वह्या दिल्यात. एक थरांची, एक सापडलेल्या दगडांची, आणि तिसरी फटीची. छताला मधोमध एक फट होती. गावात म्हणायचे ती भूकंपात पडली, कोणी म्हणायचे त्याच्याही आधीची. तुम्ही मला समजावून सांगितलं होतं की मागच्या बाजूला भराव थेट छताला टेकलेला आहे, आपण खणत जाऊ तसा छताचा आधार कमी होणार, म्हणून फटीवर डोळा ठेवायचा. फटीच्या दोन्ही अंगांना दोन खिळे ठोकले होते. रोज सकाळी मी शिडीवर चढायचं, त्या दोन खिळ्यांमधलं अंतर व्हर्नियरने मोजायचं, वहीत लिहायचं, आणि मग बाहेर येऊन "चला" म्हणायचं. मी चला म्हटल्याशिवाय कोणीही छताखाली यायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही. आकडा एक मिलिमीटरने जरी वाढला तरी काम बंद. हा तुमचा नियम होता, आणि तो माझ्या हातात होता.

खणायला गावातल्या बायका होत्या. टोपल्या उलट्या घालून त्या बाहेर उन्हात बसायच्या आणि माझी वाट पाहायच्या. त्यांच्यातली सगळ्यांत वयस्क बाई ओरडायची, "आरं मास्तर, छत मोजून राहिला का छताला मुके देऊन राहिला? आमी काय हितंच म्हाताऱ्या व्हाव का?" दुसरी म्हणायची, "तू झालीस की म्हातारी, आता अजून किती व्हतीस!" आणि सगळ्या हसायच्या. मी लाजून आकडा दुसऱ्यांदा मोजायचो. पहिला महिनाभर तो एकच होता, ६२.४. मला तो आकडा घरातल्या माणसासारखा वाटायला लागला होता.

त्याच महिन्यात तुम्ही मला एकदा रागावलात. एका पिशवीत चिठ्ठी टाकायची राहिली होती, ती मी संध्याकाळी झाडाखाली बसून लिहिली. तुम्ही चिठ्ठी हातात घेतलीत आणि विचारलंत, "पाहून लिहिलंस की आठवून?" मी म्हणालो, आठवून, पण मला पक्कं आठवतं. तुम्ही ती पिशवी, आतल्या सतरा पात्यांसकट, बाजूला ठेवलीत. म्हणालात, "आता हे नुसते दगड." त्यांचा थर कोणता हे कोणीही सांगू शकणार नव्हतं, म्हणून ती तुमच्या मोजणीत कधीच आली नाहीत. मला मारलं असतंत तर बरं झालं असतं असं वाटलं होतं.

आता खालचा थर. सहाव्या आठवड्यात एका सकाळी मी शिडीवर असताना वरून मुठीएवढा दगड सुटला. कानाला वारा लागला, खांद्याला जेमतेम घासला, आणि खाली मातीत अर्धा रुतला. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. मी त्या दिवशीचा आकडा मोजला, खाली आलो, ६२.४ लिहिलं, चला म्हणालो. दगडाचं कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शिडीच्या चौथ्या पायरीवर माझे पाय थांबले. वर बघता येईना. फटीतून बारीक माती येत होती, पिठासारखी, आणि ती माझ्या पापण्यांवर बसत होती. मी हात वर केला, व्हर्नियर हवेत धरला, मनात दहा मोजले आणि उतरलो. वहीत ६२.४ लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं. बाहेर येऊन चला म्हणालो आणि बायका टोपल्या उचलून छताखाली गेल्या.

असे अकरा दिवस, सर. रोज रात्री ठरवायचो की उद्या चढेन. रोज चौथी पायरी. आठव्या दिवशी तुम्ही शिडी धरायला आला होता. मी उतरलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "आज लवकर उतरलास." मी म्हणालो, "तेवढाच हाय सर." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. किती वेळ पाहिलंत ते मला सांगता येणार नाही. मग वही मागून घेतलीत आणि त्या आकड्याखाली सही केलीत. त्या आधी तुम्ही या वहीत कधी सही केली नव्हती.

त्याच अकरा दिवसांत ती जागा सापडली. राखेचा काळा गोल, शेजारी बोथट गोटा, आणि गारगोटीच्या बारीक ढलप्यांचा अर्धवट पसारा, मधे दोन गुडघ्यांएवढी मोकळी जागा. तुम्ही कितीतरी वेळ उकिडवे बसून पाहत राहिलात. मग म्हणालात, इथे तो बसला होता, मांडी घालून, तोंड बाहेर उजेडाकडे. त्या पसाऱ्यावरच दगडाचं एक भलं मोठं फाडं पडलेलं होतं, छतातून सुटलेलं, दारासारखं सपाट. वयस्क बाई म्हणाली, "सर, ह्याच्याखाली हाय वाटतं त्यो." कोणी हसलं नाही. फाडं अर्धंच उचलता आलं. खाली राख होती, हाड नव्हतं. तुम्ही म्हणालात, "उठून गेला असेल." मी वर पाहिलं नाही. मला वाटत होतं की मी पाहिलं की ते सुटेल.

बाराव्या दिवशी तुमची तब्येत बिघडली आणि काम आटोपलं. शेवटचा आकडा घ्यायला मी गेलोच नाही. दिवाळीच्या सुमाराला तुम्ही नांदेडच्या दवाखान्यातून माझ्यासाठी तुमच्या अहवालाची प्रत पाठवलीत. त्यात फटीचा पूर्ण तक्ता छापलेला होता, आणि खाली माझं नाव. पहिल्या पानावर तुम्ही थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, "तुझ्या नोंदींमुळे हे उभं राहिलं." आईने ती प्रत बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवली. माझं नाव छापून आलेली घरातली ती एकच वस्तू आहे. तुम्ही महिन्याभरात गेलात. मी अंत्ययात्रेला आलो होतो, पण मागेच उभा राहिलो.

यंदा तुमची विद्यार्थिनी आली. तुमच्या हाताखाली शिकायची तेव्हा ती बारीकशी मुलगी होती, आता मॅडम आहे, माणसं घेऊन आली आहे. मला शोधत थेट दुकानात आली. म्हणाली, "दादा, तुमच्या तक्त्यामुळेच परवानगी मिळाली. एवढा भराव काढला जात असतानाही फट केसभर हलली नव्हती, हे दाखवायला आमच्याकडे दुसरं काही नव्हतं." मग तिने मला फटीच्या कामावर ठेवलं. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आता रस्त्यासाठी खडी काढतात. दुपारी भोंगा होतो, मग सुरुंग. शेळ्या राखणारा म्हातारा मला म्हणाला, "आता शेरडं कपारीत जाईनात भाऊ. पाऊस आला तरी बाहेर भिजतेत." पाकोळ्यांची घरटी होती ती सगळी रिकामी आहेत. अधूनमधून जमिनीतून गुरगुर ऐकू येते, ती खाणीची नाही, कारण ती भोंग्याशिवाय येते.

मी चढलो, सर. बारा वर्षांनी वरची, आठवी पायरी चढलो. खिळे गंजले होते पण हलले नव्हते. मोजलं, तीनदा मोजलं. ६८.१. मॅडमने कागदावर वजाबाकी केली आणि म्हणाली, "बारा वर्षांत सहासुद्धा नाही. म्हणजे वर्षाला अर्धा मिलिमीटर, दादा, हे काहीच नाही." तिला वाटत होतं की फट बारा वर्षांत हळूहळू सरकली. ती त्या अकरा दिवसांतच सरकली असेल तर? भराव निघाला तशी सरकली असेल आणि वाळू-पोती भरल्यावर थांबली असेल, तर आता ती उपसताच फट पुन्हा सरकणार. यांतलं खरं कोणतं ते सांगू शकणारे आकडे जगात एकाच ठिकाणी असायला हवे होते, माझ्या वहीत, आणि तिथे मी सुंदर अक्षरात ६२.४ लिहून ठेवलं आहे.

कामाच्या आदल्या दुपारी मी गावात माझ्या थोरल्या भावाकडे जेवायला गेलो होतो. वहिनीला खणायच्या कामावर घेतलं होतं. सगळ्या बायकांना पिवळी हेल्मेटं मिळाली होती, आणि वहिनी ते डोक्यावर घालूनच भाकरी थापत होती. पोरं हसून लोळत होती. ती मला म्हणाली, "बघा भावजी, आता छत पडलं तरी भाकर करपायची न्हाई." मी ताटावरून उठलो. ती मागून म्हणाली, "आवो, तिखट झालं का?" मी परसात गेलो आणि मॅडमला फोन लावला.

सगळं सांगितलं. दगड, चौथी पायरी, अकरा दिवस. ती म्हणाली, "म्हणजे माणसं आत होती आणि छत कोणीच पाहत नव्हतं?" मी म्हणालो, हो. ती म्हणाली, "उद्याचं काम बंद. मी सगळ्यांना कळवते." मला इतकं हलकं वाटलं की मी भिंतीला टेकलो. तेवढ्यात तिने विचारलं, "सरांना माहीत होतं?"

मी म्हणालो, "हो." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, कारण त्या आठव्या दिवशी तुम्हाला कळलं होतं की नाही ते मला आजही माहीत नाही. पण मी पुढे म्हणालो, "तेच म्हणले होते. आकडा तोच टाक, काम थांबायला नको."

ती फक्त "बरं" म्हणाली. दोन दिवसांनी तिचा निरोप आला की तुमच्या बाकीच्या खोदकामांचे आकडेही आता तपासावे लागतील, सगळ्या ठिकाणचे. गावात बायकांनी हेल्मेटं परत दिली. वहिनी माझ्याशी बोलत नाही, तिचं दोन महिन्यांचं काम गेलं. म्हणाली, "एवढी दगडं अंगावर घेऊन ह्यो डोंगर उभा हाय जलमापासून, तुमालाच काय त्यो पडताना दिसला?" छत अजून पडलेलं नाही. मी आठवड्यातून एकदा जातो, लांबून पाहतो, आणि सर, मला वाटतं पडावं. कोणी नसताना, दिवसाउजेडी, एकदाचं पडावं.

मॅडमने सगळं लेखी मागितलं होतं. मी दुकानात बसून टाइप केलं, दोन पानं झाली. प्रत्येक ऱ्हस्व दीर्घ तपासला. तुमच्याबद्दलची ओळ खोडायला दोन वेळा कर्सर नेला आणि दोन्ही वेळा गिऱ्हाईक आलं, असं मी स्वतःला सांगितलं. दुकानात तेव्हा कोणी नव्हतं. ते पत्र सही करून आज सकाळी पाठवलं. हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं.