निळ्या ड्रेसची जोडी

३ मार्च
“मला कुणी नेलं नव्हतं, मीच गेले होते.” ताई एका सकाळी तळ्यावरून घरी येऊन आईला हे म्हणाली होती, तेव्हा मी शाळकरी होते. आज नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी ते वाक्य मी एका पात्राला देऊन टाकलं. टीव्हीवरची भुताखेतांची मालिका आहे आणि चाळिशी उलटल्यावर मला लेखकांच्या खोलीत खिडकीजवळची खुर्ची मिळाली आहे. मुख्य लेखकांना सगळे काका म्हणतात. प्रियकराला भेटायला स्वतःहून तळ्यावर जाणारी माझ्या कथेतली मुलगी त्यांना फार आवडली. घरी येताना मी चक्क गुणगुणत होते.

७ मार्च
कपडेपटात शिंपीणकाकूंनी माझ्या पात्राचा निळा ड्रेस दाखवला. शेजारी तस्साच दुसरा. प्रेमप्रसंग असला की बाईच्या कपड्यांची जोडी शिवायची, ही इथली पद्धत. एक प्रेमासाठी, एक प्रेतासाठी. पुरुषाचा शर्ट मात्र एकच. त्याला पुढच्या भागात पट्टी बांधून ऑफिसला जायचं असतं, काकू हसत म्हणाल्या.
संध्याकाळी जुने भाग पाहिले. ‘नको’ म्हणणारी वाचते, ‘हवंय’ म्हणणारी मरते. भुताला कारण लागत नाही. बाईच्या मरणाला मात्र ते शोधून ठेवलेलं असतं.

१२ मार्च
काकू वैतागल्यात. दुसऱ्या ड्रेसचा डावा खांदा सारखा खाली उतरतोय, उसवून पुन्हा शिवला तरी. माझा हात भलत्याच कुणाच्या मापाला लागलाय, म्हणाल्या. नटीचे खांदे तर सरळ आहेत.
ताईचा डावा खांदा उतरता होता. आई चिडवायची, ओझं घेऊनच जन्मलीस म्हणून.

१५ मार्च
त्या सकाळनंतर ताई पुन्हा तळ्यावर गेली ती परतलीच नाही. लोक म्हणाले, तळ्यात काहीतरी आहे, ते असल्याच मुलींना धरतं. घरात तिच्यासाठी रडायचीही चोरी झाली.
म्हणून मी शेवट बदलला. मुलगी सकाळी घरी येते, केस पुसते, चहा मागते. बस्स. काकांनी पानं परत केली. भूत लोकांना चालतं, म्हणाले, पण असं करून सुखरूप घरी आलेली मुलगी चालत नाही.

१८ मार्च
दुसरा ड्रेस ओला आहे. चित्रीकरण अजून झालेलंच नाही. काकू पिळून वाळत घालतात, खालून पाणी ठिबकतच राहतं. त्या पाण्याचा वास — मला ओळखीचा.

२० मार्च
काकूंनी काम सोडलं. दुसऱ्या ड्रेसचा हँगर नुसताच लटकतोय.
मरणाचा प्रसंग उद्या हवाय. अजून एक ओळ नाही.

२१ मार्च
भरदुपार. लेखकांच्या खोलीत मी आणि काका. दाराच्या काचेपलीकडे निळं काहीतरी — डावा खांदा खाली.
काका म्हणतात, बाहेर कुणी नाही, तुम्ही लिहा.
दाराखालून पाणी आत येतंय. माझ्या पायांशी. उठवत नाही मला. भीती वाटते, आणि इतकी आठवण —
ती दार वाजवत नाही. कदाचित तेव्हाही आमच्या दाराशी आली असेल. उघडणार नाहीत म्हणून वाजवलंच नसेल —
हे पान काकांपुढे सरकवते. ते नाहीच म्हणतील. काका, मरण नका मागू माझ्याकडे. तुम्ही दाराजवळ आहात. एकदाच उघडा, तिला आत —